पुरानंतर भिंतीवर काळे ठिपके आलेत, ही बुरशीच आहे का नुसती ओल?

चिपळूणची_लेक
आईबाबांचं घर चिपळूणला, जुनं जांभ्याचं. 22 जुलै 2021 च्या पुरात घरात साडेपाच फूट पाणी होतं. चिखल काढला, फिनेल टाकून दोनदा धुतलं, आता महिना होत आला. भिंतीला खालून पांढरी पावडर फुटलीय आणि आईच्या खोलीत कपाट सरकवलं तर मागे काळे-हिरवट गोल ठिपके. खोली बंद ठेवून उघडली की कुबट वास येतो. बाबा म्हणतात ओल आहे, 10 सप्टेंबरला गणपती, त्याआधी रंग मारून घेऊ. पण आईला रात्री त्या खोलीत खोकला येतो आणि सकाळी पडवीत येऊन बसली की थांबतो, ते मला खटकतंय. कसं ओळखायचं?

चुना_वाळू
ताई, पांढरं आणि काळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पांढरं बहुतेक खार आहे, भिंतीतलं पाणी बाहेर येताना क्षार घेऊन येतं. त्यावर पाण्याचा फवारा मारा, विरघळलं तर खार, बुरशी विरघळत नाही. काळे ठिपके गोल गोल वाढत जातात, जवळून बघितलं तर कधी कापसासारखी लव दिसते, पुसले तरी आठ-दहा दिवसांत तिथेच परत येतात, आणि वास येतोच, खाराला वास नसतो. तुम्ही सांगताय त्यावरून ती बुरशीच वाटते. जांभा पाणी पितो, त्यामुळे पाणी साडेपाच फुटांपर्यंत होतं म्हणून तेवढंच बघू नका, ओल त्याच्याही वर चढते. भिंतीवर फूटभर प्लास्टिक चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा, भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर भिंत आतून अजून ओलीच आहे आणि तोपर्यंत रंग नको. प्लास्टिक पेंट तर अजिबात नको, ओल आत कोंडते आणि फुगे येऊन पापुद्रे सुटतात.

कृष्णाकाठ
सांगलीहून. 2019 ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ नदीचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं, आमचा तळमजला पूर्ण बुडाला. आम्ही घाईत दसऱ्याला रंग मारला आणि दिवाळीपर्यंत त्याच भिंतीतून काळं वर आलं, सगळा खर्च पाण्यात. जिथं नजर जात नाही तिथं आधी बघा, पलंगाच्या खाली, प्लायवूडच्या कपाटाची मागची फळी, लाकडी चौकटीचा खालचा भाग, देव्हाऱ्याच्या मागे. प्लाय फुगला असेल तर तो सोडा, वाचत नाही. कापसाच्या गाद्या, उशा पुराच्या पाण्यात भिजल्या असतील तर उन्हात वाळवून परत वापरू नका, वरून कोरड्या लागतात आणि आत बुरशी असते, पुराचं पाणी म्हणजे गटाराचंही पाणी आलं ना. आम्हाला आजीची गादी टाकताना जीव तुटला पण टाकली.

साधी_गोष्ट
खोकल्याचं तुमचं निरीक्षण फार महत्त्वाचं आहे, डॉक्टरांना अगदी असंच सांगा, खोलीत येतो आणि बाहेर थांबतो. आईंना आजच दुसऱ्या खोलीत झोपवा, दम्याचा त्रास असेल तर अजिबात थांबू नका. आणि कोरड्या ब्रशने घासू नका, बीजाणू हवेत उडून घरभर पसरतात. आधी साबणाच्या पाण्याने ओलं करून मगच पुसा, एन-95 मास्क आणि हातमोजे घाला. ब्लीचिंगचं पाणी आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड चुकूनही एकत्र करू नका, विषारी वायू होतो, आणि प्लास्टरच्या आत गेलेल्या बुरशीला ब्लीच पुरतही नाही, भुसभुशीत झालेलं प्लास्टर तेवढं काढावंच लागतं.

चिपळूणची_लेक
सगळ्यांचे मनापासून आभार. पांढरं फवाऱ्याने विरघळलं, काळं जसंच्या तसं. प्लास्टिक काल लावलेलं, आज मागून थेंब टपकत होते, बाबांनी स्वतः बघितलं आणि काही बोलले नाहीत, पण रंगाऱ्याला फोन करून दिवाळीनंतर या म्हणाले. आईला माजघरात हलवलंय, काल रात्री फक्त एकदा खोकली. आता मखर भिंतीपासून दोन हात पुढे मांडायचं ठरलंय. चुना_वाळू दादा, माजघराच्या भिंतीला रंग नाहीये, नुसता जुना चुना आहे, तिथे परत चुनाच मारला तर चालेल का?

चुना_वाळू
चालेल, चुन्यातून भिंत श्वास घेते आणि त्यावर बुरशी सहज धरत नाही. पोपडे खरवडून घ्या, दोन हात पातळ द्या, आणि पाऊस उघडला की खिडक्या उघडून पंखा लावून ठेवा.