व्हिव अल्बर्टाइन यांचे आत्मकथन: ‘वाजवता येत नव्हते’ याचा अर्थ काय घ्यावा?

पानोपानी

नमस्कार. ‘द स्लिट्स’ या लंडनच्या पंक (१९७० च्या दशकातले रांगडे, बंडखोर रॉक संगीत) बँडच्या गिटारवादक व्हिव अल्बर्टाइन यांचे २०१४ साली आलेले आत्मकथन नुकतेच वाचून संपवले. मुलीच्या डोक्यात कपडे, गाणी आणि मुलगे यांपलीकडे काही नाही, अशी त्यांच्या आईची तक्रार असे. तिचेच शब्द त्यांनी पुस्तकाला नाव म्हणून दिले आहेत. पुस्तक मला मनापासून आवडले, पण एका गोष्टीचा उलगडा होत नाही. आजीने मागे ठेवलेल्या २०० पौंडांतून १९७६ साली त्या पहिली गिटार घेतात, तेव्हा त्यांना ती वाजवता येत नसते आणि हे त्या जराही न लपवता सांगतात. पुढे अवघ्या तीन वर्षांनी, १९७९ मध्ये, ‘कट’ हा अल्बम येतो, आणि त्यातले ठेके इतके गुंतागुंतीचे आहेत की मला दोनदा ऐकूनही काही ठिकाणी सम सापडली नाही. मग पंकवाल्यांना वाजवता येत नव्हते हे खरे मानायचे, की ती नंतर तयार झालेली दंतकथा आहे?

खर्जसाधक

येत नव्हते हे खरेच आहे. मात्र न येणे आणि न शिकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि पंकविषयी बोलताना त्यांची नेहमी गल्लत होते. अल्बर्टाइन यांना कीथ लेव्हीन यांनी शिकवले, जे सुरुवातीला ‘द क्लॅश’मध्ये होते आणि पुढे ‘पब्लिक इमेज लिमिटेड’चे गिटारवादक म्हणून गाजले. त्या काळातले बहुतेक गिटारवादक ब्लूज या अमेरिकी संगीतप्रकारातले ठरलेले तुकडे घोटून तयार झालेले पुरुष होते, आणि ते तुकडे उचलायचे नाहीत असे अल्बर्टाइन यांनी ठरवले होते. मला हा निर्णय फार धाडसाचा वाटतो, कारण नवशिक्याला नक्कल करणे सर्वांत सोपे असते आणि त्यांनी तीच वाट बंद करून टाकली.

आपण एक करून पाहा. १९७७ मध्ये जॉन पील यांच्या बीबीसीवरील कार्यक्रमासाठी या बँडने केलेले ध्वनिमुद्रण मिळवा आणि त्यातली ‘शॉपलिफ्टिंग’ आणि ‘न्यू टाउन’ ही गाणी ‘कट’मधल्या त्याच गाण्यांशेजारी ठेवून ऐका. पहिल्यात सगळ्या जणी जीव तोडून धावत आहेत, कोण कुठे आहे याची कुणाला पर्वा नाही. गायिका आरी अप बँड सुरू झाला तेव्हा फक्त १४ वर्षांची होती, हे तिथे ऐकू येते. दोन वर्षांनंतरच्या मुद्रणात तीच गाणी थांबायला शिकलेली आहेत. मधल्या काळात काय घडले, याचे उत्तर या दोन मुद्रणांत आहे, आणि ते रियाज हेच आहे.

मधली मात्रा

वरील मताशी मी सहमत आहे, पण दोन गोष्टी जोडतो. ‘कट’वर ड्रम्स वाजवणारा बजी हा नंतर ‘सूझी अँड द बॅन्शीज’मध्ये गेलेला तयारीचा वादक होता, बँडची मूळची ड्रमवादक पामॉलिव्ह तोवर बाहेर पडली होती. म्हणजे सम चुकवणाऱ्या त्या ठेक्यांचे काही श्रेय त्याचे आहे.

दुसरी गोष्ट रेगेची. १९७७ च्या सुरुवातीला कोव्हेंट गार्डनमधल्या ‘रॉक्सी’ क्लबमध्ये तबकड्या लावण्याचे काम डॉन लेट्स करीत असे, आणि पंकच्या तबकड्या तेव्हा जवळजवळ निघालेल्याच नसल्यामुळे दोन बँडच्या मधल्या वेळेत तो जमैकाचे संगीत वाजवी. त्या पिढीच्या कानांवर रेगे असे बसले. रेगेमध्ये गिटारचा आघात तोकडा असतो आणि तो समेवर न येता मधल्या मात्रेवर येतो. वादकाला सतत काही वाजवायचे नसते, तर जागा सोडायची असते. मी काही वर्षे तबला शिकलो आहे, आणि हात आवरणे हे हात चालवण्यापेक्षा उशिरा जमते हे स्वानुभवाने सांगतो. ‘कट’चे निर्माते डेनिस बोव्हेल हे बार्बाडोसमध्ये जन्मलेले, लंडनच्या रेगेत मुरलेले. ‘न्यू टाउन’ हेडफोन लावून ऐका: आगपेटी आणि चमचा यांचे आवाज तिथे तालवाद्यासारखे वापरलेले आहेत.

पानोपानी

दोघांचेही आभार. पीलचे मुद्रण काल रात्री ऐकले, आणि थांबणे म्हणजे काय ते कळले.

सायंतारा

थोडी उशिरा येते आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकाच्या दुसऱ्या भागातही आहे, जो पंकसाठी पुस्तक हाती घेणारे बरेच वाचक घाईने उरकतात. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला बँड मोडतो. मग चित्रपटाचे काम, लग्न, मूल होण्यासाठी वर्षानुवर्षे घेतलेले उपचार, मुलीच्या जन्मानंतर लवकरच झालेले कर्करोगाचे निदान, आणि या सगळ्यात गिटारला जवळजवळ २५ वर्षे हात नाही. पन्नाशीच्या उंबरठ्यापलीकडे त्या पुन्हा ती हातात घेतात तेव्हा बोटांना काहीच आठवत नसते. मग पबमध्ये कुणालाही दोन गाणी म्हणू देतात अशा रात्री एकटीने उभे राहून, समोरचे लोक गप्पा मारत असताना, त्या वाजवतात. २०१२ मध्ये त्यांचा स्वतःचा अल्बम आला. १९७६ मध्ये शेजारी त्यांच्यासारखेच न येणारे दहा जण होते. या वेळी एकही नव्हता, म्हणून मला ही पाने पहिल्या भागापेक्षा जास्त मोलाची वाटतात.