अनुभव धागा: मुलं खोटं बोलायला शिकतात कशी?

खिडकीपाशी
डार्विनची एक जुनी नोंद आज परत नजरेखाली आली, म्हणून धागा. त्याचाच मुलगा, २ वर्षं साडेसात महिन्यांचा. जेवणाच्या खोलीतून बाहेर येताना डोळे नको इतके चमकतायत, वागणं काहीतरीच. बाप आत कोण आहे बघायला गेला, तर स्वारीने मनाई केलेली पिठीसाखर मटकावलेली. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच खोली. या वेळी अंगावरचा एप्रन नीट गुंडाळून धरलेला. आत काय? काहीच नाही. वर बापालाच "जा" असा हुकूम, तोही पुन्हापुन्हा. उलगडला तर लोणच्याच्या खाराचे डाग! हे छापून आलं १८७७ मध्ये. डार्विन म्हणतो, मुलाला कधी शिक्षाच झालेली नव्हती, तेव्हा पहिल्या वेळचं ते वागणं भीतीचं नव्हे. मग हे येतं कुठून? जाणकारांनी लिहा.

दोन कार्टी एक आई
गुंडाळी भारीच 😄 पण पिठीसाखर तोंडाला लागली नव्हती का?

गणितमास्तर
भीतीच्या आधी डोकं लागतं. "मला माहीत आहे ते समोरच्याला माहीत नाही" हे उमगल्याशिवाय खोटं नीट निभावता येत नाही. तपासायची रीत साधी आहे. दोन बाहुल्या, एक टोपली, एक डबा, एक गोटी. पहिली बाहुली गोटी टोपलीत ठेवून जाते, दुसरी ती डब्यात हलवते. आता पहिली येऊन कुठे शोधेल? तीन वर्षांचं मूल बहुधा "डब्यात" म्हणतं, कारण गोटी खरंच तिथे आहे. चारच्या आसपास "टोपलीत" यायला लागतं. शिवाय ओठावर आलेलं खरं गिळायचं आणि आपण काय सांगितलं ते लक्षात ठेवायचं. तीन कामं एका वेळी.

अर्धवट झोप
म्हणजे खोटं बोललं की पेढे वाटायचे?

गणितमास्तर
वाटू नका, दचकूही नका.

पाटी पेन्सिल
१९८९ चा प्रयोग सांगते. तीन वर्षांची ३३ मुलं. खेळणं पाठीमागे ठेवायचं, "मी येईपर्यंत बघू नकोस" म्हणून बाहेर जायचं. २९ जणांनी वळून पाहिलं. नंतर विचारलं, पाहिलंस का? ११ हो म्हणाले, ११ नाही म्हणाले, ७ गप्प. चेहऱ्यावरून ओळखू म्हणणाऱ्या मोठ्यांचा अंदाज छापा-काट्याहून फारसा बरा नसतो.

पण एक ठिकाण हमखास फुटतं. "पाहिलं नाही" म्हटल्यावर लगेच विचारायचं, "मग काय असेल बरं मागे?" चार-पाच वर्षांचं मूल खेळण्याचं बरोब्बर नाव सांगून मोकळं होतं. पहिलं खोटं जमलं, पण त्याला जुळणारं दुसरं नाही जमलं. सहा-सातच्या पुढे बरीच मुलं मुद्दाम "माहीत नाही" म्हणतात किंवा चुकीचं नाव ठोकतात. पोरगं हुशार झालं ते इथे कळतं. मात्र हे घरी सापळा म्हणून लावू नका. पकडलं गेलेलं मूल खरं बोलायला शिकत नाही, पुढच्या वेळी काय झाकायचं ते शिकतं.

चष्मा सापडेना
बरोबर. घरातली निम्मी खोटी आपण मागवलेली असतात. फुटलेली फुलदाणी समोर, हातात चेंडू, आणि आपण विचारणार "कुणी फोडली?" उत्तर माहीत असताना विचारूच नये. "फुलदाणी फुटलीय. तू तिथेच थांब, पायात काच जाईल. मी काचा झाडून घेते, मग तू केरसुणी नि सुपली जागेवर ठेव." आवरून झालं की चेंडू कुठे खेळायचा ते बोलायचं.
अभ्यासाचंही तेच. "झाला का?" ला "हो" फुकट मिळतं. "वही आण, बघू" ला मिळत नाही.

दोन कार्टी एक आई
आणि दात? "घासले" म्हणतं, ब्रश कोरडा ठणठणीत

चष्मा सापडेना
अडीच-तीनला ते "घासून झाले असते तर बरं" असं असतं, खोटं नव्हे. आपणही ब्रश घेऊन शेजारी उभं राहायचं, विषय संपला. खरं म्हणजे शिक्षेची धार वाढवली की खोटंही धारदार होतं. पश्चिम आफ्रिकेतल्या दोन शाळांत ताडून पाहिलंय, कडक मार असलेल्या शाळेतली तीन-चार वर्षांची मुलं जास्त खोटं बोलली, आणि ते जास्त नीट निभावलं.

अर्धवट झोप
मग गोष्टी सांगायच्या? लांडगा आला रे आला?

पाटी पेन्सिल
उपयोग नाही. २०१४ मध्ये तपासलं. खोटं बोलणाऱ्याची फजिती होते त्या गोष्टींनी फरक पडला नाही. झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या मुलाला बाप शाबासकी देतो, त्या गोष्टीने पडला. शेवट बदलून कबुलीचं कौतुक काढून टाकलं, तेव्हा तीही निकामी. आधी "खरं सांगशील ना?" असा शब्द घेतला तरी थोडं बरं.
अजून एक, "किती हुशार आहेस तू" ऐकलेली तीन आणि पाच वर्षांची मुलं खेळात जास्त फसवतात. "या वेळी छान केलंस" म्हणा. हुशारीचा शिक्का बसला की तो राखावा लागतो.

उंबरठा
आणि पाहुण्यांसमोर "भेट आवडली म्हण" ते कोण शिकवतं? खेळण्याऐवजी साबणाची वडी देऊन पाहिलीय संशोधकांनी, आवडली का विचारलं तर बरीच मुलं हो म्हणाली. "फोनवर सांग मी घरी नाही" हाही आपलाच क्लास.

अर्धवट झोप
फोन वाजतोय. मी घरी नाही.

दोन कार्टी एक आई
😂😂 पिठीसाखरेचं राहिलं पण

खिडकीपाशी
नोंदीत तोंडाबद्दल काही नाही. फक्त डोळे आणि वागणं.