प्रति: फुकटात घर, वर तक्रारी कसल्या?

फुकट कुठलं हो? आवास योजनेच्या फ्लॅटमध्ये लाभार्थ्याला स्वतःचा हिस्सा भरावा लागतो, बरेचदा कर्ज काढून. आमच्या इंदूरचीच अरण्य ही वसाहत बघा. वास्तुविशारद बाळकृष्ण दोशींनी तिथे गरिबांना मुख्यतः जोतं आणि नळ-संडासाची सोय दिली. खोल्या, जिना, ओटा ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे चढवले. १९९५ साली त्या वसाहतीला वास्तुकलेचा आगाखान पुरस्कारही मिळाला. आता आवास योजनेत मात्र एवढंसं घर, तेही वरच्या मजल्यावर, आणि गच्चीला कुलूप! पापड लाटून संसार चालवणाऱ्या मावशींनी वाळवण घालायचं कुठे? आधी विचारलं असतं तर त्यांनीच सांगितलं असतं. रहिवाशांची बैठक ठेवतात तीही दुपारी बाराला, सगळे कामावर असताना. रात्री आठला ठेवा की!