मदत हवी आहे: व्हॅक्युम पंप काढल्यावर वेट अँड बॅलन्सचं गणित आणि काट्यावरचं वजन जुळत नाहीये

नमस्कार मंडळी, चार सीटचं सिंगल इंजिन विमान आहे, डेटम (जिथून सगळी अंतरं मोजतात ती शून्य रेषा) फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या, पुढच्या बाजूला. व्हॅक्युम पंप आणि त्यावर चालणारे दोन जायरो (फिरत्या चाकाची इन्स्ट्रुमेंट्स) काढून इलेक्ट्रॉनिक इन्स्ट्रुमेंट्स बसवलीत, आता नवीन एम्प्टी वेट (रिकाम्या विमानाचं वजन) आणि सीजी (गुरुत्वमध्य, डेटमपासून इंचांत) काढतोय.

जुन्या शीटवर १५०० पौंड, आर्म (डेटमपासूनचं अंतर) ३८ इंच, म्हणजे मोमेंट (वजन गुणिले आर्म) ५७,०००. पंप ५ पौंडाचा, डेटमच्या ४ इंच पुढे होता म्हणून आर्म उणे ४, आणि काढलेलं वजनही उणे, त्यामुळे मोमेंट अधिक २० (पुढचं वजन काढलं की सीजी मागेच सरकणार हे डोक्यात ठेवलं की चिन्हाचा गोंधळ होत नाही). जायरो ६ पौंड १४ इंचावर, उणे ८४. नवीन ४ पौंड त्याच जागी, अधिक ५६. बेरीज करून १४९३ पौंड, मोमेंट ५६,९९२, सीजी ३८.१७.

पण मग हँगरची दारं बंद करून तिन्ही चाकं काट्यांवर घेतली तर आलं १५१६ पौंड आणि सीजी ३८.६!! हे २३ पौंड आले कुठून? टाक्यांत फ्युएल राहिलं असेल का (टाक्यांचा आर्म ४८), की ऑइलचा फरक? आणि धरायचं कुठलं? मागे दोन जण आणि बॅगेज घेतलं की सीजी मागच्या लिमिटला टेकतो, त्याच्याही मागे गेला तर विमान पिचमध्ये (नाक वर-खाली होण्यात) अस्थिर होऊ शकतं, स्टॉलमधून (पंखांची उचल तुटल्यावर) सावरणंही अवघड, त्यामुळे मला अंदाजाने उडायचं नाहीये. प्लीज कुणीतरी सांगा.

प्रतिसाद:
काटे कॅलिब्रेटेड असतील तर काट्याचंच धरा, कागदावरच्या बेरजेत जुन्या नोंदींच्या चुका तशाच पुढे येत राहतात. आधी विमान लेव्हल होतं ना ते बघा, नाक थोडं वरखाली असलं तरी एकूण वजन तेवढंच येतं पण सीजी चुकतो. ते नीट असेल तर फरकाचा आर्म काढा. १५१६ गुणिले ३८.६ म्हणजे जवळपास ५८,५१८, त्यातून ५६,९९२ वजा केले की १,५२६, भागिले २३, आले ६६ इंच. म्हणजे नुसतं फ्युएल नाही, ते असतं तर ४८ च्या आसपास आलं असतं. ऑइल तर डेटमच्याही पुढे, त्याने सीजी उलट पुढे गेला असता. जास्तीचं वजन सरासरीने ६६ वर आहे, म्हणून पुढच्या सीटच्या मागचा भाग तपासा, नोंद न केलेलं कार्पेट, इन्सुलेशन, बदललेली मागची सीट, शेपटीकडचा जुना अँटेना किंवा वायरिंग, आणि नंतर पेंट झालाय का तेही. इक्विपमेंट लिस्ट हातात घेऊन एकेक वस्तू टिक करा, एम्प्टी वेटमध्ये अनयुजेबल फ्युएल (टाकीत उरणारं, वापरता न येणारं) धरलंय ना तेही बघा, आणि लायसन्स असलेल्या इंजिनिअरची नव्या शीटवर सही होईपर्यंत मागच्या सीटवर कुणाला बसवू नका.