करारातला ‘नॉटविथस्टँडिंग’ मराठीत कसा लिहायचा?

कोथरूडकर: अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स कराराचा इंग्रजी मसुदा मराठीत करायचा आहे. कलम ४ म्हणतं, दोघांपैकी कोणीही एक महिन्याची नोटीस देऊन करार संपवू शकतो. कलम ९ सुरू होतं ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग कंटेन्ड इन क्लॉज फोर’ असं, आणि पुढे पहिले सहा महिने लायसन्सीने, म्हणजे जागा घेणाऱ्याने, जागा सोडायची नाही. शब्दकोशात ‘तरीही’ दिलंय, ते वाक्यात कुठेच बसत नाही. आणि यातलं कोणतं कलम खरं धरायचं?

शब्दखुळा: ‘तरीही’ बसणार नाही, कारण तो ‘नेव्हरदलेस’चा अर्थ झाला. नॉटविथस्टँडिंग इथे शब्दयोगी अव्ययासारखं चालतं, त्याला कशाला तरी चिकटावं लागतं. यातल्या ‘विथ’चा अर्थ ‘सोबत’ नव्हे. जुन्या इंग्रजीत तो ‘विरुद्ध’ असाही होता, म्हणून विथस्टँड म्हणजे समोर ठाकणं, अडवणं. नॉटविथस्टँडिंग म्हणजे आड न येता. लॅटिनमधलं ‘नॉन ऑब्स्टान्टे’ हेच सांगतं. तेव्हा लिहा: ‘कलम ४ मध्ये काहीही असले तरी’. कायद्याच्या मराठीत ‘काहीही अंतर्भूत असले तरी’ असंही दिसतं. वाक्याच्या सुरुवातीलाच ठेवा.

जिंकतं कलम ९. खूण सोपी आहे: नॉटविथस्टँडिंगच्या पुढे ज्याचं नाव, ते हरतं. ‘सब्जेक्ट टू’च्या पुढे ज्याचं नाव, ते जिंकतं, त्याचं मराठी ‘च्या अधीन राहून’. हे दोन शब्द अदलाबदल झाले की अख्खा करार उलटा होतो.

सदाशिवपेठी वकील: बरोबर, पण हरतं म्हणजे रद्द होतं असं नाही. जिथे टक्कर आहे तेवढ्यापुरतंच मागे सरतं. सहा महिन्यांनंतर कलम ४ ची एक महिन्याची नोटीस जशीच्या तशी लागू. आणि तुम्ही दिलंय तेवढंच कलम ९ असेल, तर ते फक्त लायसन्सीला बांधतं. म्हणजे पहिल्या सहा महिन्यांतही घरमालक कलम ४ खाली नोटीस देऊ शकतो! लॉक-इन, म्हणजे ठरावीक काळ करार न मोडण्याची अट, दोन्ही बाजूंना हवी असेल तर ‘दोघांपैकी कोणीही’ असं स्पष्ट घाला.

हा शब्द किती काम करतो ते संविधानाच्या अनुच्छेद २४६ मध्ये बघा. खंड (१) ‘नॉटविथस्टँडिंग’ने सुरू होतो, खंड (३) ‘सब्जेक्ट टू’ने. संघसूची (संसदेच्या कायद्यांचे विषय) वर आणि राज्यसूची (राज्यांच्या कायद्यांचे विषय) खाली, हा क्रम त्या दोन शब्दांनी लावलाय. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम २४ ही याच शब्दाने उघडतं: या अधिनियमात काहीही असलं तरी, राहण्यासाठी लायसन्सवर घेतलेली जागा मुदत संपताच परत द्यायची, नाही दिली तर लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई.

मसुद्यात नेहमीचा घोळ म्हणजे दोन कलमांनी एकमेकांवर ‘नॉटविथस्टँडिंग’ रोखणं. मग कोण वर ते वाचून कळत नाही. दुसरा घोळ ‘नॉटविथस्टँडिंग एनीथिंग इन धिस अ‍ॅग्रीमेंट’, म्हणजे ‘या करारात काहीही असले तरी’. हे अनामत परतीच्या कलमालाही गिळू शकतं. कलमाचा आकडा घाला, मोघम लिहू नका.

व्याकरण कट्टा: वापराबद्दल थोडं. याच्यापुढे ‘ऑफ’ किंवा ‘टू’ लावू नका. शब्द एकच, ‘नॉट’ तोडून लिहिला तर संगणकाचा स्पेलचेक बहुधा गप्प बसतो, कारण दोन्ही तुकडे खरे शब्द आहेत. नामानंतरही तो येतो: ‘द रेन नॉटविथस्टँडिंग’, म्हणजे पाऊस असूनही. पण ऑफिसच्या मेलमध्ये ‘डिस्पाइट’ पुरे. सोसायटीच्या पार्किंगच्या नोटिशीत नॉटविथस्टँडिंग घालणारे सेक्रेटरी पुण्यात कमी नाहीत, तो भाग वेगळा.

कोथरूडकर: मग असं चालेल? ‘कलम ४ मध्ये काहीही असले तरी, दोन्ही पक्षांपैकी कोणीही पहिले सहा महिने हा करार संपुष्टात आणू नये.’

सदाशिवपेठी वकील: ‘आणू नये’ हा सल्ला वाटतो. ‘आणू शकणार नाही’ करा.