'लायबिलिटी'ला मराठीत नेमकं काय म्हणता?

धरमपेठकर: लॉच्या पोरांसाठी मराठीत नोट्स करून राहिलो अन् एका शब्दावर अडकलो. १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर, तलावाचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं तो खटला, तिथून स्ट्रिक्ट लायबिलिटी आली, म्हणजे चूक नसली तरी भरपाई द्या, पण दैवी आपत्ती वगैरे असली तर मालक सुटतो. १९८५ ला दिल्लीत ओलियम गॅस गळाला, त्या खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या न्या. भगवतींच्या घटनापीठानं ॲब्सोल्यूट लायबिलिटी आणली, धोक्याचा कारखाना चालवता तर सबब नाहीच. मी 'कठोर दायित्व' अन् 'पूर्ण दायित्व' लिहिलं. भाऊ म्हणे, दायित्व म्हणजे कर्तव्य ना, आईवडिलांप्रती असते ते?

इतवारीची लेक: दादा, 'जिम्मा' लिहा. आमच्या आजोबांच्या कापडाच्या दुकानात हमाल बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, सही झाल्याशिवाय गाठ खाली ठेवत नसे, सही झाली की म्हणायचा "आता जिम्मा तुमचा शेठ", मग गाठ पावसात भिजो की उंदीर कुरतडो, नुकसान आपल्या अंगावर.

शुद्धमराठी: जिम्मा हिंदी आहे ताई. नागपुरात आधीच अर्धी मराठी हिंदीनं खाल्ली. दायित्व हाच कायद्यातला शब्द, 'दा' म्हणजे देणे, जे द्यावंच लागते ते.

इतवारीची लेक: जिम्मा मुळात अरबी, अन् हक्कसुद्धा अरबीच. संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहे, ते खोडणार का?

बर्डीवाला: अधिकार म्हणा की. माहितीचा अधिकार म्हणतोच ना आपण.

शुद्धमराठी: अधिकार साहेबाचा असतो, हक्क माणसाचा. २०१५ चा कायदा लोकसेवा हक्क आहे, गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला जंगलावर मिळाले तेही वनहक्कच.

उमरेडकर: वनहक्काच्या आधी आमच्याकडे 'निस्तार' होता. सरपण, चराई, घराला बल्ल्या म्हणजे लाकडी खांब, सगळं गावाच्या निस्तारात. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानं विदर्भातली झुडपी जंगल म्हणून नोंद असलेली जमीन जंगलच ठरवली, तेव्हा गावात सगळ्यांच्या तोंडी हाच शब्द, जुनं निस्तारपत्रक, म्हणजे गावाच्या निस्ताराची नोंद, काढा म्हणून.

इतवारीची लेक: अन् काका, "तू करून ठेवलं, तूच निस्तर" म्हणतो ते? निस्तर अन् निस्तार एकच ना?

उमरेडकर: एकच मूळ, पार पडणे, तरून जाणे. आई रोज म्हणायची, दूध उतू गेलं की हातात फडकं देऊन "निस्तर आता".

धरमपेठकर: पण कठोर अन् पूर्ण यातला फरक पोरांना कळेल का, ते सांगा ना कोणी.

बर्डीवाला: काका, बल्ली अन् बांबू निस्तारात वेगळे धरत होते का?