शोषणावरची कविता कानाला गोड लागावी का?

कडवट_काढा (धागाकर्ता)
शोषणावरची कविता छान चालीत आणि नेटक्या यमकात बसवली की तिचा डंख जातो, असं माझं ठाम मत आहे. ऐकणारा मान डोलावतो, 'क्या बात है' म्हणतो आणि ज्याची लाज वाटायला हवी त्याचाच आस्वाद घेऊन घरी जातो. म्हणून १९७२ साली आलेला नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' मला फार मोलाचा वाटतो. कामाठीपुऱ्याची बोली, शिव्या, हिंदी-उर्दू, मध्येच एखादा संस्कृत वळणाचा शब्द, आणि दम खायला जागा न देणाऱ्या ओळी. निम्मे शब्द पांढरपेशा वाचकाला कळत नाहीत, आणि खरी मेख तीच! आपल्याच शहरातलं एक जग आपल्याला किती परकं आहे, ते त्या भाषेमुळे अंगावर येतं. वृत्तात हे जमलं नसतं.
मतं येऊ द्या. 'दोन्ही बाजू बरोबर' छापाची मात्र नकोत.

डफावरची_थाप
साफ असहमत. ज्यांच्यावर ती कविता आहे त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत मुक्तछंद पोचला? वामनदादा कर्डकांची गाणी वस्त्या-वस्त्यांत पाठ होती. अण्णा भाऊंचं 'जग बदल घालुनी घाव, सांगुनि गेले मला भीमराव' अक्षरओळख नसलेल्यांच्याही तोंडी होतं, ते यमकाच्या जोरावर. 'घाव'वर ओळ क्षणभर थांबते, कान पुढच्या जोडीची वाट बघतो आणि तिथे नेमकं 'भीमराव' येतं. घाव घालायला कुणी सांगितलं, हे पुन्हा विसरणं शक्य नाही. ज्याच्याकडे वही नाही त्याची कविता पाठांतरावरच जगते, साहेब. छंदाला नावं ठेवणं ही पुस्तकं परवडणाऱ्यांची चैन आहे.

गौण_खनिज
छंद म्हणजे गोडवा, हे धागाकर्त्यांनी परस्पर गृहीत धरलंय. गडबड तिथेच आहे. चोखोबांचा अभंग घ्या:

जोहार मायबाप जोहार । तुमच्या महाराचा मी महार ॥
बहु भुकेला जाहलो । तुमच्या उष्ट्यासाठी आलो ॥

जोहार म्हणजे महाराने वरच्या जातीच्या माणसापुढे लवून घालायचा नमस्कार. तोच घेऊन चोखोबा देवाच्या दारात उभे राहतात. आता पहिली ओळ मोठ्याने म्हणून बघा. जोहार, जोहार, महार, महार. एकच नाद चारदा, दोनदा नमस्काराचा आणि दोनदा जातीचा. लवणं आणि जात एकमेकांत अशी अडकवली आहेत की एक उच्चारलं की दुसरं वाजतंच. यमक इथे बेडीसारखं खणखणतं. हे मुक्तछंदात करून दाखवा.

आणि ढसाळांच्या आधीचे सुर्वे का विसरता? 'शेकडो वेळा चंद्र आला, तारे फुलले, रात्र धुंद झाली; भाकरीचा चंद्र शोधण्यातच जिंदगी बरबाद झाली.' पहिली ओळ भावगीतातून उचलून आणल्यासारखी आहे. चंद्र, तारे, धुंद, सगळा जुना माल हजर. मग त्याच 'झाली'वर 'बरबाद' येऊन आदळतं. आधीची गोडी नसती तर दुसरी ओळ एवढी लागली असती का?

कडवट_काढा
@गौण_खनिज, सुर्व्यांचं पटलं. चोखोबांबद्दल मात्र विचारतो, तेच अभंग मैफलीत ताना-आलापांसह होतात तेव्हा 'उष्ट्यासाठी' हा शब्द किती जणांना टोचतो? लोक डोळे मिटून तल्लीन झालेले असतात. कवीने कितीही खडा ठेवला तरी चाल तो गिळून टाकते. ढसाळांची ओळ गाऊन दाखवा की!

डफावरची_थाप
म्हणजे कान बधिर झाले म्हणून शिक्षा कवीला?

जात्यामागची
तुम्ही सगळे वृत्तातच अडकलात. मला बोलीचं बोलायचंय. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, त्यांच्या कविता १९५२ मध्ये, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपाने आल्या. तेव्हापासून ऐकतेय, 'काय गोड भाषा!' अहो, ती बाई 'आधी हाताला चटके' म्हणतेय. 'चटके' म्हणताना जीभसुद्धा टाळूवर आपटते. यात गोड काय आहे? बोली गोड वाटते ती प्रमाणभाषेच्या ओसरीवर बसून ऐकणाऱ्याला. शेतात राबणारीला ती फक्त भाषा असते.
उलट केशवसुतांचं 'अंत्यजाच्या मुलाचा पहिला प्रश्न' बघा. त्या काळात असा विषय घेणं हे धाडसच, कळवळाही खरा. पण कविता प्रमाण मराठीत चालते. प्रश्न मुलाचा, गळा कवीचा. विषमता विषयात आली, भाषेत नाही आली.

गौण_खनिज
बाहेरच्या कवीला ते ऐकूच येत नाही, असं म्हणायचंय का? विल्यम ब्लेकची १७८९ ची कविता आहे, धुराडी साफ करणाऱ्या पोराची. ही पोरं लंडनच्या रस्त्यांवर 'स्वीप, स्वीप' ओरडत फिरायची, म्हणजे 'धुराडं झाडून देतो'. बापाने विकलं तेव्हा हा इतका लहान की पहिला 'स' उच्चारता येत नव्हता. तोंडून निघायचं 'वीप, वीप', आणि त्याचा अर्थ होतो 'रडा'. धंद्याची आरोळी आणि रडणं एकाच बोबड्या आवाजात. ब्लेक काही धुराड्यात उतरला नव्हता, कान मात्र उघडा ठेवला होता.

जात्यामागची
आरोळी त्याने ऐकली, मान्य. पण तेवढी एक आरोळी सोडली तर बाकीच्या ओळी तो पोरगा सफाईदार पुस्तकी इंग्रजीत बोलतो. त्या त्याला कुणी शिकवल्या?